रिकाम्या बेसवरचा बंट

हा प्रवास मी रागात सुरू केला आणि परत आले तीही रागातच. मध्ये ओसाका होतं. तिथला किल्ला आणि कालव्यावरच्या झगमगत्या पाट्यांची वर्णनं ज्यांना वाचायची असतील त्यांनी ती खुशाल दुसरीकडे वाचावीत, मी यातलं काही पाहिलं नाही. मी गेले होते चाळिशीला टेकलेल्या एका माणसाला नोकरीसाठी परीक्षा देताना पाहायला. त्याचं नाव मुनेओका. तो बेसबॉल खेळतो. 'खेळायचा' म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

ग्योतोकु

आम्ही तोक्योच्या पूर्वेला, तोझाई लाइनवरच्या ग्योतोकुमध्ये राहतो. आता इथे स्टेशनसमोर कोथिंबीर घेताना कुणीतरी हमखास मराठीत विचारतं, "काय, आज पाहुणे का?" आम्ही आलो तेव्हा असं काही नव्हतं. नवरा, मिलिंद, सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर आलेला. तो सकाळी जायचा तो आमची तान्ही लेक ईरा झोपल्यावरच उगवायचा. पुण्यात मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायचे. ती नोकरी सोडून इथे आले आणि कुठला कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा एवढी एकच परीक्षा माझ्या वाट्याला उरली.

टीव्हीवरची भाषा कळायची नाही. बेसबॉल मात्र थोडाफार कळायचा, कारण त्यात आकडे असतात आणि मी क्रिकेटच्या घरात वाढलेली. एका संध्याकाळी ईराला मांडीवर घेऊन मी बघत होते. एक बारक्या चणीचा खेळाडू आला. चेंडू आला तेव्हा त्याने बॅट फिरवलीच नाही. नुसती आडवी धरली. चेंडू बॅटला लागून समोरच्या मातीत मेल्यासारखा पडला, तो धावला, आउट झाला. आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवायला लागलं! तो परत आला तर संघातल्या प्रत्येकाने उठून त्याच्या हातावर टाळी दिली. मी थक्क. आमच्याकडे आउट होऊन आलेल्याशी घरचे लोकसुद्धा जेवणापर्यंत बोलत नाहीत.

याचं उत्तर पुढे मोरिता-सानने दिलं. ईरा शाळेत जायला लागल्यावर मी सुपरमार्केटच्या स्वयंपाकघरात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. तिथे माझ्या शेजारी भोपळा कापायच्या त्या मोरिता-सान; सान म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'. सत्तरीच्या आसपासच्या, पाठ ताठ, हात सुरीसारखे चालणारे. त्या वडिलांच्या वेळेपासून या एकाच संघाच्या भक्त.

"त्याला बंट म्हणतात, दातार-सान," त्या म्हणाल्या. "पहिल्या बेसवर आपला माणूस उभा असतो ना, त्याला दुसऱ्या बेसवर पोचवायचं. चेंडू उचलायला समोरच्यांचा वेळ जातो, तेवढ्यात आपला माणूस पुढे सरकतो. स्वतः आउट व्हायचं, पण तो पुढे गेला पाहिजे."

"आणि हा कायम तेच करतो?"

"मुनेओका-सान? कायम. त्याच्याइतका सुंदर बंट कुणाचाच नाही."

त्या दिवसापासून तो माझा झाला. मोरिता-सान तशा दिग्गजांच्या गोष्टींनी भरलेल्या. भोपळा, गाजर, कमळकाकडी कापता कापता मी त्यांच्याकडून संघाचा सगळा इतिहास ऐकला. एक पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, होता, त्याला त्या 'पोस्टमन' म्हणायच्या, कारण त्याचा संथ चेंडू सगळ्यांना येताना दिसायचा आणि तरी कुणाला अडवता यायचा नाही. एक कॅचर होता बडबड्या, आपल्या यष्टिरक्षकासारखा बॅटरच्या मागे बसणारा, तो समोरच्या बॅटरला त्याच्या सासूची खुशाली विचारायचा आणि बिचारा बॅट फिरवायचं विसरायचा. होमरन, म्हणजे आपला षटकार, मारणारा एक धिप्पाड राक्षस होता, तो हरल्यावर खेळाडूंच्या बाकावर बसून तोंडावर टॉवेल घेऊन रडायचा. ही सगळी माणसं मी पाहिलेलीही नाहीत, पण आता रस्त्यात भेटली तर ओळखीन. पोस्टमन, बडबड्या आणि राक्षस या तिघांनाही क्लबने फुलं देऊन, मैदानाला फेरी मारायला लावून, संघाने हवेत उडवून निरोप दिला होता.

मुनेओकाला या वर्षी ऑक्टोबरमध्ये एक फोन आला आणि क्लबच्या साइटवर एक ओळ आली. पुढच्या वर्षी करार होणार नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. एक ओळ! आमच्या सोसायटीत पाणी बंद असल्याची सूचनासुद्धा त्याहून लांब असते.

मी स्वयंपाकघरात थयथयाट केला. मिलिंद जेवता जेवता म्हणाला, "अगं, वय झालं त्याचं. परफॉर्मन्स नाही तर रिन्यूअल नाही. सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे असतं म्हणून बरोबर असतं का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

ईराने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "आई, शोगानाइ जान." म्हणजे, इलाज नाही ना. हा शब्द या देशात लोक उठता-बसता वापरतात आणि माझी मुलगी तो दुधाबरोबर शिकली आहे. दुसऱ्या दिवशी मोरिता-सानही हेच म्हणाल्या. भोपळ्यावरून नजर न उचलता, "शोगानाइ, दातार-सान." त्यांचा मला मिलिंदपेक्षा जास्त राग आला.

पण मुनेओकाने हार मानली नव्हती. इथे नोव्हेंबरमध्ये एक ट्रायआउट होतो. क्लबांनी नको म्हटलेले सगळे खेळाडू एका मैदानावर जमतात, सगळ्या क्लबांची माणसं पाहायला येतात. कुणाला पसंत पडलात तर पुढच्या काही दिवसांत फोन येतो. नाही आला तर कारकीर्द संपली. या वर्षीचा ट्रायआउट ओसाकाकडे होता आणि यादीत मुनेओका होता.

"मी जाणार आहे," मी म्हटलं.

मोरिता-सानने सुरी खाली ठेवली. "मग मी इनारी करून आणते," त्या म्हणाल्या.

शिनकानसेन

गोड भाताने भरलेल्या तळलेल्या तोफूच्या पिशव्या, म्हणजे इनारी, मोरिता-सानच्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं माझं. लोणच्याचा वास गाडीच्या डब्यात पसरू नये म्हणून मी ते तीन पिशव्यांत गुंडाळलं होतं, तरी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी एकदा मान वळवलीच.

फुजी डोंगर उजवीकडे स्वच्छ दिसत होता. मोरिता-सानने तो दाखवला, मी मान डोलावली आणि पिशवीतून माझी जर्सी काढली. पाठीवर मुनेओकाचं नाव आणि आकडा, छातीवर भरतकामाने क्लबचं नाव. ही जर्सी मला मोरिता-साननेच माझ्या वाढदिवसाला दिली होती. मग मी टाके उसवायचं बारकं हत्यार काढलं आणि छातीवरचं पहिलं अक्षर उसवायला घेतलं.

"हे काय करताय?" मोरिता-सान कुजबुजल्या. शिनकानसेनमध्ये, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, ओरडायची पद्धत नाही, नाहीतर त्या नक्की ओरडल्या असत्या.

"त्यांना तो नको, तर मला ते नकोत."

"उद्या मुनेओका-सान हीच जर्सी घालून खेळणार आहेत."

माझा हात थांबला. "म्हणजे?"

"ट्रायआउटला प्रत्येक जण आपल्या जुन्या क्लबच्याच गणवेशात येतो. दुसरा असतो कुठे त्याच्याकडे?"

ज्यांनी हाकललं त्यांचंच नाव छातीवर लावून परक्यांच्या दारात उभं राहायचं! मी एवढ्या जोरात दोरा ओढला की कापड टरकायचं तेवढं बाकी राहिलं. मोरिता-सान खिडकीकडे वळल्या. त्यांच्या अंगात त्यांची स्वतःची जर्सी होती, वडिलांबरोबर मैदानावर जायच्या तेव्हापासूनच्या सवयीने, सामना असो नसो. नागोया येईपर्यंत मी उसवत होते आणि त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. नागोया गेल्यावर त्यांनी माझ्या पुढ्यात एक इनारी ठेवली. मी खाल्ली. रागात असले तरी ती उत्तमच होती.

ओसाका, संध्याकाळ

हॉटेलजवळच एक चिंचोळं कुशिकात्सुचं दुकान होतं. काडीला टोचलेली कांद्याची चकती, कमळकाकडी, भोपळा असं काय काय पिठात बुडवून तळतात. समोर सॉसचं भांडं सगळ्यांचं एकच, म्हणून नियम असा की काडी एकदाच बुडवायची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, आणि मी अशा घरातली की जिथे उष्टा चमचा आमटीच्या पातेल्यात गेला तर आई अख्खी आमटी नव्याने करायची. तरी क्लबला शिव्या घालण्याच्या भरात मी अर्धा खाल्लेला कांदा परत सॉसमध्ये बुडवला.

"ओ बाई!" मालक कढईमागून गरजला. "दोनदा नाही!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी इतक्यांदा कमरेत वाकून माफी मागितली की मालकालाच हसू आलं. त्याने भांडं उचलून सगळा सॉस ओतून दिला, नवा भरला आणि कोबीची पानं पुढ्यात ठेवून म्हणाला, "आणखी सॉस हवा तर कोबीने घ्यायचा. असं काय डोक्यात होतं तुमच्या?"

मोरिता-सानने सांगितलं. मुनेओका हे नाव ऐकताच मालकाने चिमटा खाली ठेवला. हा मालक इथल्या, म्हणजे आमच्या हाडवैरी संघाचा भक्त.

"तो किडा!" तो म्हणाला. "माझं किती रक्त आटवलंय त्याने! एखाद्या होमरनवाल्याने हरवलं तर माणूस समजू शकतो. हा येणार, बॅट आडवी धरणार, टुक. धावक दुसऱ्यावर. मी तिथेच टीव्ही बंद करायचो, कारण आता आपण हरलो हे मला कळायचं. होमरनवाले विसरलो मी सगळे. हा नाही विसरलो." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या त्याला काय करायला लावणार?"

"बॅटिंग," मोरिता-सान म्हणाल्या. "एक पिचर, एक बॅटर. दोघांची परीक्षा एकदमच."

"बेसवर कोण असतं?"

"कुणी नाही. बेस रिकामे."

मालक आमच्याकडे बघत राहिला. "मग तो करणार काय?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना पुढे पोचवण्याचं काम केलं, त्याची परीक्षा घेताना पुढे पोचवायला कुणी ठेवायचंच नाही, आणि मग विचारायचं की बाबा, तुला एकट्याला काय येतं! मला हा अन्याय फार ओळखीचा वाटला. मी मालकाला खरमरीत काहीतरी ऐकवणार होते, पण त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याने आमच्या बशीत न मागता भोपळ्याच्या दोन काड्या जास्त ठेवल्या.

मैदान

सकाळी बोचरा वारा होता. मैदान जुनं, लाकडी बाकं थंडगार. लोक मात्र बरेच आले होते, सगळ्या क्लबांच्या जर्सी घालून, कुणाच्या हातात खेळाडूच्या नावाचा टॉवेल, कुणाच्या मांडीवर थर्मास. एरवी या देशात प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं आणि तो बॅट घेऊन आला की हजारो लोक कर्ण्यांच्या साथीने ते गातात. इथे कर्णे आणायला बंदी होती. परीक्षा होती ना.

बॅटर उभा राहतो त्या होमप्लेटच्या मागे क्लबांची माणसं काळे ओव्हरकोट घालून ओळीने बसली होती. मैदानात रंगीबेरंगी गणवेशातली मुलं हात चोळत उभी. मुलंच म्हणते, कारण काही तर विशीतली होती. घोषणा करणारी बाई प्रत्येकाचं नाव इतक्या मायेने घेत होती की मला तिचाही राग आला.

प्रत्येकाला टाळ्या मिळत होत्या, कुठल्याही क्लबचा असो. चुकला तरी टाळ्या. मुनेओका आला तेव्हा मोरिता-सान उभ्या राहिल्या आणि कर्ण्याशिवाय, भाजीवालीसारख्या खणखणीत आवाजात त्याचं गाणं सुरू केलं. मीही गायले. आजूबाजूचे चार जण मिळाले. त्याने हेल्मेटला हात लावला. कानशिलावरचे केस पांढरे झालेले मला टीव्हीवर कधी दिसले नव्हते.

पहिल्यांदा त्याने बॅट जीव खाऊन फिरवली. तीन वेळा हुकली, आउट. दुसऱ्यांदा त्याने चार वाईट चेंडू सोडून दिले आणि नियमाप्रमाणे चालत पहिला बेस मिळवला, म्हणजे खरं तर कमावला, पण काळ्या कोटांपैकी कुणाची मानही हलली नाही. एक जण जांभई देत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दूर होता म्हणून वाचला.

तिसरी आणि शेवटची पाळी. समोर एक उंच, तरणाबांड पिचर, त्यालाही त्याच्या क्लबने काढलेलं. बेस रिकामे. पहिला चेंडू आला आणि मुनेओकाने बॅट आडवी धरली.

टुक.

तो चेंडू मला अजून दिसतो. तिसऱ्या बेसच्या रेषेला लागून तो मुंगीसारखा सरकत गेला आणि मातीत विसावला. याहून चांगला बंट त्याने आयुष्यात केला नसेल. तो धावत सुटला. समोरच्याने चेंडू उचलला, फेकला. पाऊलभर अंतराने आउट.

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. पुढे न्यायला कुणी नव्हतंच, तर हा नुसता आउट होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग मोरिता-सानने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, धावक दुसऱ्या बेसवर पोचल्यावर वाजवतात तशा, ठाय लयीत. आधी त्या एकट्याच. मग आजूबाजूचे लोक, मग पलीकडच्या बाकांवरचे, वैरी संघाच्या जर्सीतलेसुद्धा. त्याने हेल्मेट काढलं आणि तो वाकला.

मी टाळी वाजवली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता.

मागचं दार

खेळाडू बाहेर पडतात त्या दारापाशी चाहते शिस्तीत रांग लावून उभे राहतात. मुनेओका ट्रॅकसूट घालून, मोठी बॅग खांद्यावर घेऊन आला. मोरिता-सानने स्वतःची जर्सी आधीच काढून हातात धरली होती. त्याने पाठीवर आकड्याखाली सही केली, त्यांनी वाकून आभार मानले. मग माझी पाळी आली आणि माझं तोंड सुटलं. रागावले की माझ्या जपानीतली सगळी अदब गळून पडते.

"बंट का केलात?"

मोरिता-सानने माझी बाही ओढली. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"बेसवर कुणी नव्हतं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "दिसत होतं मला."

"मग मारायचं होतंत! एकदा तरी स्वतःसाठी मारायचं! इतकी वर्षं सगळ्यांना पुढे पाठवलंत, त्यातला एक तरी आज इथे आला का?"

हे मी कुणाला सुनावत होते कोण जाणे. रांगेतले लोक जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं तो आता वाकून निघून जाईल. पण तो हसला, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत.

"माझी बायको सकाळी हेच म्हणाली," तो म्हणाला. "म्हणून पहिल्यांदा मारून पाहिलं. तुम्ही पाहिलंतच." मग हसू ओसरलं. "शेवटच्या वेळी वाटलं, त्यांना नको म्हणायचं असेल तर म्हणू देत. पण निदान माझं काम बघून नको म्हणू देत."

मी जर्सी पुढे केली. त्याने सवयीने पाठीची बाजू वर केली, पेन उघडलं, आणि मग कापड उलटून छातीकडची बाजू पाहिली. क्लबच्या नावाच्या जागी सुईची बारीक भोकं होती, नाव अजून वाचता येईल इतकी स्पष्ट. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"चिवट असतो हा दोरा," तो म्हणाला. "फार वेळ लागला असेल."

"नागोयापर्यंत," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग पाठीवर नाही, तिथेच, त्या भोकांवर, छातीभर मोठी सही केली. पेनला टोपण लावलं, मला दोन्ही हातांनी जर्सी परत दिली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळला.

पुन्हा ग्योतोकु

फोन आला नाही. ते दिवस आम्ही दोघींनी रोज कामाच्या आधी मोबाइलवर बातम्या पाहिल्या. त्या उंच पिचरला एका क्लबने घेतलं, त्याचा हसरा फोटो आला. मिलिंदने माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. ईराने मात्र सही केलेली जर्सी हातात घेऊन विचारलं, "आई, हा काय करायचा नक्की?" मी तिला पोळपाटावरचं लाटणं आडवं धरून दाखवलं.

फोन येण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा मोरिता-सान नेहमीच्या जागी उभ्या होत्या. समोर भोपळा होता, पण सुरी चालत नव्हती. आता त्या 'शोगानाइ' म्हणणार आणि मी त्यांना तोडून बोलणार, या तयारीने मी ॲप्रन बांधला.

त्यांनी टेबलाखालून एक कापडी पिशवी वर काढली. आत त्यांची जर्सी होती, नीट घडी केलेली.

"दातार-सान," त्या म्हणाल्या, "ते टाके उसवायचं हत्यार आज आणलंय का?"